आईचं माहेर कुठलं?

जर्मनीतल्या येना शहरातल्या आपल्या भाड्याच्या जुन्या घरात आधी कोण राहून गेलं, हे शोधायचा सुरुचीला नादच लागला होता. तिने आर्काइव्हला अर्ज केला आणि एका शनिवारी सकाळी १९३९च्या जनगणनेतली दोन कार्डं स्कॅन होऊन मेलवर आली.

याच पत्त्यावर हेडविग लोव्हेनथाल नावाची शिवणकाम करणारी विधवा आणि तिची मुलगी राहत होत्या. नाव, जन्मगाव, शिक्षण आणि मग चार रकाने: वडिलांचे वडील, वडिलांची आई, आईचे वडील, आईची आई. प्रत्येकासमोर एकच प्रश्न, ज्यू होते का? बाईंनी स्वतःच्या हाताने, वळणदार अक्षरात लिहिलं होतं, होय. चारही वेळा. मुलीच्या कार्डावरही तेच. तीन वर्षांनी नाझींनी दोघींना पूर्वेकडे, छळछावण्यांच्या दिशेने नेलं, पुढची नोंद नाही, असं आर्काइव्हने कळवलं होतं.

सुरुचीला त्या नीटनेटक्या रकान्यांची शिसारी आली. कुणीतरी बसून पट्टीने ते आखले असणार, मध्ये कॉफी प्यायला असणार.

दुपारी सिद्धांत आला. तिच्या नवऱ्याच्या, मयुरेशच्या ऑफिसात नवीन लागलेला, घर शोधत होता. वरचा फ्लॅट रिकामा होता आणि घरमालकिणीने यांनाच कुणी सुचवायला सांगितलं होतं. पुण्याहून आलेले सासरे, शरदचंद्र, गप्पांना बसले.

"आडनाव काय म्हणालात?"

सिद्धांतने सांगितलं.

"हे तर सगळ्यांतच असतं. मूळ गाव?"

"लातूरजवळ, काका."

"वडिलांचे वडील काय करायचे?"

"रेल्वेत होते."

"रेल्वेत म्हणजे नेमकं काय? बरं, आईचं माहेर कुठलं?"

सिद्धांतने पोह्यांची बशी खाली ठेवली. "काका, तुमच्या मनात जे आहे ना, त्याचं उत्तर होय."

तो गेल्यावर शरदचंद्र म्हणाले, "मुलगा चांगला आहे हो. पण आपल्या डोक्यावर नको. आपल्यातलं कुणी बघा."

सुरुचीने सिद्धांतची बशी उचलली. "बाबा, आईची आई विचारायची राहिली तुमची."

"म्हणजे?"

"आता विषय नको," मयुरेश मध्ये पडला. "तीन महिन्यांसाठी आलेत ते."

दोघांच्या देखत तिने घरमालकिणीला मेल केला, त्यात सिद्धांतचं एकट्याचं नाव.

सोमवारी रात्री त्याचा मेसेज आला. "वहिनी, मालकीणबाई हो म्हणाल्या, थँक्स. पण मी दुसरीकडे बघतो. रोज जिन्यात भेटणं व्हायचं, नको वाटतं."

तिने तो मयुरेशला दाखवला. त्याने वाचला आणि खांदे सैल सोडले. "चला, सुटलो. आपोआप मिटलं."

इतकी वर्षं ज्या चेहऱ्याशेजारी ती झोपत आली, तो सुटकेने उजळलेला तिला बघवेना. तिने उशी उचलली आणि अभ्यासाच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.