उसवलेली कुंची

मी एक जुनी क्रोशाची सुई आहे. वीतभर लांब, पुढं आकडा, मागं लाकडाची मूठ. मित्रांनो, दुकानातल्या रंगीत सुयांसारखी मी डब्यातून निघाले नाही. मी दूधवाल्याच्या सायकलच्या चाकातली जाड तार होते. चाक मोडलं तेव्हा टेंभुर्णीच्या जहांगीरभाईंनी मला तोडून घेतलं आणि दगडावर घासून घासून टोकाला आकडा काढला. शेजारच्या दुर्गाबाई तेव्हा नव्या नवरी होत्या. त्यांची बाजारची सुई मोडली होती. जहांगीरभाईंनी मला त्यांच्या हाती दिलं आणि सांगितलं, ही वाकणार नाही. पन्नास वर्षं होऊन गेली. मी वाकले नाही. दुर्गाबाईही वाकल्या नाहीत, म्हणून तर आमचं जमलं.

पाऊस सरला, हवा कोरडी झाली की आमचा हंगाम सुरू व्हायचा. पावसाळ्यात बोटांना घाम येतो, लोकर सुईला धरून बसते. थंडीच्या तोंडावर मात्र मी अशी पळायचे की बघणाऱ्याची मान दुखावी. टोपरी, मोजे, शाली, दारावरची तोरणं, भाऊबीजेला भावांसाठी मफलर. दुर्गाबाई शाळेत दोनच इयत्ता शिकल्या, पण साखळीचे टाके किती आणि खांबाचे किती, हे त्यांना कधी कागदावर लिहावं लागलं नाही. सगळं बोटांत. जहांगीरभाईंची लेक फरजाना दुर्गाबाईंच्याच ओसरीवर, माझ्यावरच विणायला शिकली.

मग तयार स्वेटरांचे गठ्ठे बाजारात आले आणि माझी किंमत गेली. मला परकराच्या नाड्या ओवायला लावलं. तेही एक वेळ चाललं असतं. पण दुर्गाबाईंची सून बेबीनंदा मोरीत अडकलेले केस माझ्या आकड्यानं ओढून काढायची. हे सांगताना आजही माझ्या अंगावर गंज उभा राहतो.

यंदा दिवस पालटले. दुर्गाबाईंची नात निवेदिता हिला भोकरदनला, सासरीच, मुलगी झाली. बारसं कोजागिरीला ठरलं. बारशाला माहेरानं बाळंतविडा न्यायचा, म्हणजे बाळ-बाळंतिणीचे कपडे आणि खाऊ. निवेदिताच्या सासूबाई रमाबाई शाळेत शिकवतात. त्यांनी फोनवर सुचवलं की कपडे तयारच आणा, या वयात डोळ्यांना त्रास कशाला. बोलणं मायेचं होतं. पण ‘या वयात’ हे दोन शब्द दुर्गाबाईंना मिरचीसारखे लागले.

“दुकानातली कुंची गरम असंल, रमाबाई,” त्या म्हणाल्या, “पण तिला पणजी नसती.” बारशाला पोरीच्या डोक्यावर पहिली कुंची आपल्याच हातची चढेल, असंही त्यांनी ठणकावून सांगितलं. आवाज असा की अख्ख्या गल्लीला ऐकू गेला. आता माघार घ्यायला जागाच नव्हती.

त्यांनी मला राखेनं घासलं. मी पुन्हा चमकले.

मित्रांनो, कुंची म्हणजे मागं पाठीवर झालर सोडलेलं टोपरं. ती टाळूपासून सुरू होते, म्हणून पहिला गोल बरोबर बसावा लागतो. बाळाचं माप घ्यायचं नाही, वाढ खुंटते, असं दुर्गाबाई मानतात. त्यांचं माप म्हणजे घरातला पोटफुगा तांब्या. त्यावर बसली की बाळाला बसली. पण यंदा नवरात्रात तोच तांब्या घटावर बसला, आणि घटाला नऊ दिवस हात लावायचा नसतो. त्यांनी फळीवरचा दुसरा घेतला. तांब्या तो तांब्या, असं म्हणत त्यांनी नऊ दिवस विणलं. मला पहिल्याच गोलात शंका आली होती. पण सुईला आकडा असतो, तोंड नसतं.

दसऱ्याला घट उठले. दुर्गाबाईंनी घटावरचा तांब्या चिंचेनं घासला, फरजानाला मुद्दाम बोलावून घेतलं आणि कुंची तांब्यावर चढवायला गेल्या. अर्ध्यावर अडली. आधी त्या म्हणाल्या, तांब्या फुगलाय. मग लोकर आटल्याचं सांगून झालं. फरजाना हसली नाही, तेच त्यांना जास्त लागलं.

“मावशी, पहिला गोलच ल्हान पडला. उसवा,” फरजाना म्हणाली.

“नऊ दिवस विणलंय मी.”

“मंग? तुम्हीच शिकवल्तं ना? चुकलेल्या गोलावर कितीबी विणा, चूकच वाढत राह्यती.”

दुर्गाबाईंनी तिच्याकडं असं पाहिलं की दुसरी असती तर उठून गेली असती. मग त्यांनीच धागा ओढला. नऊ दिवसांचं काम सर्रकन उसवून मांडीवर लोकरीचा ढीग झाला. कोजागिरी पाच दिवसांवर होती. एकटीनं होणार नव्हतं. दुर्गाबाईंचा हात घट्ट, फरजानाचा सैल. म्हणून टाळू फरजानानं विणायची आणि झालर दुर्गाबाईंनी, असं ठरलं. कुणाजवळ बोलायचं नाही, अशी ताकीदही मिळाली. पाच दिवस मी या हातातून त्या हातात फिरत होते. इतकी धावपळ माझी चाकात असतानाही झाली नव्हती.

बारशाला फरजानाही बरोबर आली, आणि मी दुर्गाबाईंच्या पिशवीतच होते. रमाबाईंनी कुंची हातात घेतली, वही तपासावी तशी उलटी केली आणि आतून बोट फिरवलं. बायका बघत राहिल्या.

“आत गाठ कुठंच लागत नाही,” त्या म्हणाल्या. “पण इथून पुढं हात बदललाय. दोघींनी केलीय का?”

दुर्गाबाई नाही म्हणाल्या असत्या तर कोण भांडणार होतं? फरजानानं तर मान खाली घातली होती.

“पहिली म्या एकटीनं केल्ती,” दुर्गाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. “ती चुकली, म्हणून उसवली. ही टाळू फरजानाची, झालर माझी. आन् गाठीचं म्हणाल तर गाठ आम्ही जिभेला मारल्ती, विणकामाला न्हाई.”

आधी रमाबाई हसल्या, मग सगळं घर हसलं. दुर्गाबाईंनी फरजानाला पुढं ओढलं. “घाल तूच. टाळू तुझी हाये.”

फरजानानं कुंची घातली, दुर्गाबाईंनी हनुवटीखाली नाडी बांधली. बरोबर बसली. पोरीनं एक जांभई दिली आणि झोपून गेली. आम्ही निघताना रमाबाईंनी दोघींना विचारलं, दिवाळीच्या सुट्टीत मी शिकायला आले तर चालेल का? दुर्गाबाई म्हणाल्या, या, पण पहिले आठ दिवस नुसत्या साखळ्याच घालाव्या लागतील.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझी एखादी बहीण नाड्या ओवत पडली असेल. तिला मोरीत घालू नका. घासा, पुसा आणि ज्या हातांना विणता येतं त्यांच्याजवळ जाऊन बसा. शिकताना पहिला गोल चुकला तर लपवू नका, वर विणत सुटू नका. उसवा. लोकर कुठं जात नाही.