कोणतीही कळ दाबा

लॅपटॉपची बिघडलेली हार्डडिस्क काढून सुनेनं नवी बसवली ती निव्वळ बोटांनी चाचपून. स्क्रू वाटीत, झाकण मांडीवर, अर्ध्या तासात काम फत्ते. जन्मापासून तिला दिसत नव्हतं, पण डोळ्यांवाचून तिचं कधी काही अडलं नाही. अडलं ते पुढे. एरवी पडद्यावरचं सगळं लॅपटॉपच तिला वाचून दाखवायचा. पण पेनड्राइव्हवरून नव्या डिस्कवर विंडोज चढेपर्यंत तो ठार मुका. आणि चार वाजता परीक्षा! डॉक्टरांचे रेकॉर्ड केलेले अहवाल ऐकून घरबसल्या टाइप करायचे, अशी नोकरी. आज हुकली तर जागा दुसऱ्या कुणाची.

नवरा कामावर गेलेला. घरात फक्त सासरे. छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासलेली आणि निवृत्त झाल्यावर औषधाच्या खोक्यांवरच्या चुका काढत बसलेली असामी.

"बाबा, जरा डोळे उसने द्या."

बाबा शर्ट बदलून आले! आणि वाचायला बसले ते स्वल्पविरामासकट. भाषा निवडा, डिस्क निवडा, पुढे चला. एक अक्षर गाळतील तर शपथ. शेवटी लॅपटॉप बंद होऊन आपोआप सुरू झाला.

"भाषा निवडा," बाबांनी वाचलं.

"ते तर झालं ना?"

"झालं. पण पुन्हा तेच लिहिलंय."

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदाही पहिले पाढे पंचावन्न. सुनेनं झाकण उघडून डिस्क पुन्हा घट्ट केली, पेनड्राइव्ह दुसऱ्या खाचेत लावला. अडीच वाजले.

"बाबा, तो बंद होऊन सुरू होतो, तेव्हा मध्ये काही दिसतं का?"

"दिसतं की. काळ्यावर पांढरी ओळ, मोठ्यानं वाचायच्या आत पुसली जाणारी. पेनड्राइव्हवरून सुरू करण्यासाठी कोणतीही कळ दाबा."

"मग?"

"मग काय? दाबतो मी! लिहिलंय ना तसं."

सुनेनं कपाळावर हात मारला आणि खो खो हसत सुटली. "अहो बाबा, ती दाबली की गाडी मुळापासून सुरू! नाही दाबली की आपली पुढे जाते."

बाबांचा चेहरा पडला. "म्हणजे तीन तास माझ्यापायी गेले."

"आणि ती ओळ मला कुणी सांगितली? दुसऱ्या कुणी वाचलीसुद्धा नसती. तुम्ही होतात म्हणून आज निभावलं, बाबा."

चौथ्या वेळी बाबांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. साडेतीनला लॅपटॉपला वाचा फुटली. तो भराभरा बोलू लागला तसे बाबा हळूच उठून आपल्या खोलीत गेले.

परीक्षा तासभर चालली. उत्तर यायला आणखी वीस मिनिटं. मेल आल्याची टिंग ऐकताच सुनेनं लॅपटॉपचा आवाज बंद केला आणि हाक मारली, "बाबा, पत्र आलंय. वाचता?"

"अगं, आता ते मशीन वाचतंय ना?"

"वाचेल. पण मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

बाबा बसले. खाकरले. "आपली निवड झाल्याचे कळविण्यास आनंद होत आहे." पुढे त्यांना वाचवेना.

"पुन्हा वाचा, बाबा," ती म्हणाली.

बाबांनी डोळे पुसून पुन्हा वाचलं.