मंडपामागच्या सहा केबिन

मैदानात पन्नास हजार माणूस जमणार असेल तर किती केबिन लागतील, हे मी झोपेतही सांगेन. कॉन्सर्ट, मॅरेथॉन, पुढाऱ्यांच्या सभा, सगळीकडे आमची फिरती शौचालयं जातात. बायकांच्या बाजूला दीडपट ठेवायची, टाक्या उपसणारी गाडी वेळेवर फिरवायची, कडी नीट बसते का ते स्वतः आत जाऊन बघायचं. बावीस वर्षं हा धंदा करतोय. आणि लालबागच्या आमच्या स्वतःच्या गणपती मंडळात मी एकही केबिन लावली नव्हती.

विषय निघाला नव्हता असं नाही. चाळ पाडून टॉवर उभा राहिला त्या वर्षी महिला समितीने मीटिंगमध्ये चाचरत विचारलं होतं. पूर्वी चाळीतले संडास होते, आता वॉचमन गेटच्या आत सोडत नाही, मग दिवसभर रांग सांभाळणाऱ्या बायकांनी जायचं कुठे? तेव्हा 'बाप्पाच्या शेजारी संडास?' असं म्हणणारा शहाणा मीच. सगळे हसले. माझा धंदाच तो, त्यामुळे माझा शब्द शेवटचा ठरला. समितीत माझी थोरली बहीण कालिंदीताईही होती.

ताई अँटॉप हिलहून सकाळी आठला यायची ती रात्रीची आरती झाल्यावरच परतायची. दरवर्षी दहा दिवस, अशी अकरा वर्षं. घरून निघाली की पाण्याचा थेंब घ्यायची नाही. मला वाटायचं, उपास असेल. एवढं पुण्य साठवून ठेवणार कुठे, असं मी तिला चिडवायचोसुद्धा.

गेल्या दिवाळीत तिची मूत्रपिंडं निकामी झाली. डॉक्टर म्हणाले, कारणं बरीच आहेत, डायबेटिस आहेच; पण लघवी दाबून ठेवायची सवयही नडली, पुन्हा पुन्हा इन्फेक्शन होत राहिलं. बाहेर आल्यावर मी भिंतीला टेकून उभा राहिलो. ताईच माझी पाठ थोपटत होती.

यंदा मी कुणाला विचारलं नाही. मंडपामागे सहा केबिन उतरवल्या, सगळ्या बायकांसाठी. मंडळाचे अध्यक्ष अप्पा कुरकुरले, तर त्यांना म्हटलं, या हलल्या तर मीही मंडळातून निघालो. खरं तर माझा राग त्यांच्यावर नव्हताच.

पहिल्या दिवशी ताई आली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, पायांना सूज, तरी आली. समितीतली रुपाली बाटलीभर पाणी घटाघटा प्यायली आणि केबिनकडे गेली. ताई तिच्याकडे बघत राहिली. ताईला आता दिवसाचं पाणी मोजून मिळतं. कोपऱ्यातली केबिन मी स्वतःच्या हाताने धुऊन कुलूप लावून ठेवली होती, कुणाला वापरू दिली नव्हती. कुलूप काढून म्हटलं, "ताई, पहिली तू."

ती आत गेली, कडी लावली. मी दाराकडे पाठ करून उभा राहिलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. चक्कर आली की काय, म्हणून हाक मारणार तेवढ्यात ती बाहेर आली. डोळे पुसल्यासारखे दिसत होते.

"स्वच्छ आहे रे," ती म्हणाली. "पर्स अडकवायला हूकही आहे."

मला इतकं बरं वाटलं की बोलतच सुटलो. ही केबिन तुझीच, दहाही दिवस हवं तेव्हा ये, चावी तुझ्याजवळच ठेव. चावी घ्यायला तिने हात पुढे केला नाही.

"निलेश, मला आता होतच नाही रे. चैत्रापासून लघवी बंद झालीय. भावाला कसं सांगायचं हे?"

मग इतका वेळ आत काय करत होतीस, एवढंच तोंडातून निघालं.

"नुसती उभी होते," ताई म्हणाली. "तू एवढ्या हौसेने केलंस. लगेच बाहेर आले असते तर तुला वाईट वाटलं असतं."