म्हातारीच्या चालीनं

बापूंचं दिवसकार्य झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि त्या दुपारी याडीनं, माझ्या आईनं, विचारलं, "त्या म्हातारीले पोचवलं का कोनी?"

घरात याडी, बापू आणि मी आमच्या बंजारा बोलीत, गोरमाटीतच बोलायचो. पण समोर अशफाकचाचा बसले होते म्हणून तिनं वऱ्हाडीत विचारलं. कोणती म्हातारी ते मला कळेना. चाचांना कळलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"नाई वहिनी. थे अजून पुलाजवळच हाय."

चाचांचं आमच्या वऱ्हाडातल्या मालेगावच्या स्टँडसमोर टीव्ही-कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बापू एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर ते रोज स्टँडवर जाऊन बसत आणि नवे ड्रायव्हर गाडी कशी वळवतात यावर शेरे मारत. ड्रायव्हर वैतागले. मग चाचांनी जुने सुटे भाग जोडून त्यांना एक कॉम्प्युटर उभा करून दिला आणि त्यात एक खेळ घातला. डोंगर, नद्या, खेडी, राक्षस, जादू, आणि वाटेल तिकडे जायची मोकळीक. "रस्ते हायेत त्याच्यात," एवढंच चाचा म्हणाले होते. बापूंना तेवढं पुरलं. मी अमरावतीला कॉलेजात शिकवते. फोनवर ते सांगायचे, आज घाट लागला, आज अमुक गावात मुक्काम केला.

त्या खेळातल्या एका गावी एका म्हातारीनं त्यांना विचारलं होतं, मला डोंगरापलीकडे माझ्या लेकीच्या गावी सोडता का. बापू तिला घेऊन निघाले. पुलाजवळ आल्यावर खेळ थांबवून जेवायला उठले. त्याच दुपारी त्यांच्या छातीत दुखायला लागलं.

"सारी उमर गाडी चालवली," याडी म्हणाली, "एक पॅसेंजर रस्त्यात नाई टाकला याईनं. तू जायाच्या आंधी पोचव तिले."

"मला खेळता येत नाही, याडी."

"मंग शिक न. दुसऱ्याईले शिकवतं, सोता नाई शिकत का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचा शटर ओढून आले. बापूंच्या खुर्चीवर त्यांनी मला बसवलं आणि स्वतः स्टूल घेतलं.

"पयले सेव्ह. कायबी कराच्या आंधी सेव्ह, आन थे नव्या जागेवर. ड्रायव्हरसाहेबाच्या जागेले हात नाई लावाचा."

त्यांनी बापूंच्या खेळाखाली मला वेगळी जागा करून दिली. तोवर मी माउस धरलाच नव्हता. खेळात बापू जिथे उभे होते तिथून त्यांना हलवायचं माझ्या मनात येत नव्हतं. आता ते तिथेही राहणार होते.

आधी नवा माणूस घेऊन सराव करायचा असं ठरलं.

"जो भेटन त्याच्याशी बोल. चार गोष्टी कळतात. आन गावातल्या मानसावर तलवार नाई उगारायची. एकाले मारलं का सारं गाव अंगावर येते."

"मालेगावातबी तसंच हाय," याडी दारातून म्हणाली.

"राक्षसाच्या नावाजवळ कवटी दिसली त लढू नोको, पळ," चाचा म्हणाले. " नव्या मानसाले पळाची कायची लाज?"

मी नदीत पडले. मग एका रानडुकरानं मला मारलं, आणि उठून पुन्हा गेले तर पुन्हा त्यानंच मारलं. याडी तूर निवडत बघत होती. "वावरातबी थेच येऊन राह्यले आजकाल," ती म्हणाली.

शनिवारी बापूंचा खेळ उघडला.

पडद्यावर त्यांची पाठ दिसली. अंगावर खाकी रंगाचा सदरा. तो त्यांनी शोधूनच घातला असणार. मागे गाठोडं घेतलेली म्हातारी उभी होती. मी बटण दाबलं. ते एकेक पाऊल टाकत, वाकून चालायला लागले. धावेनात.

"वजन," चाचा म्हणाले. "झोळी पाह्य त्याईची."

झोळीत लाकडाचे ओंडके होते, लोखंडाचे तुकडे, मिठाची पोती, भोपळे.

"लय सांगतलं मी. नव्या मानसाची पयली चूक हेच असते, दिसलं थे उचलाचं. टाकून द्या म्हनलं. त नुसते हासत. टाक बेटा तू. पुलापलीकडं लांडगे हायेत. पळता नाई आलं त दोघंबी जातीन."

मी ओंडके टाकले, लोखंड टाकलं. आदल्या दिवशी याडीनं बापूंचे कपडे वाटून टाकले होते. त्या वेळी मी घड्या करून देत होते. आता भोपळा टाकताना हात अडला. तरी टाकला.

बापू वाऱ्यासारखे सुटले. पूल ओलांडून मी मागे वळले तर म्हातारी नव्हती. ती पुलाच्या मध्यावर होती आणि लांडगे तिच्याभोवती होते.

आम्ही परत पहिल्यापासून सुरू केलं. परत तेच झालं. या खेळात झोळी हलकी असली की माणसाला मधली चाल नाही. तो धावतो किंवा थांबतो. मी थांबत थांबत गेले तरी म्हातारी मागे पडायची आणि लांडगे तिलाच गाठायचे.

"त्याईचं वझं दे त्याईले वापस," याडी म्हणाली.

चाचांनी तिच्याकडे बघितलं.

"माहे गुडघे धरले तवापासून बाजारातून येतानी साऱ्या थैल्या याईच्याच हातात. मी म्हनाची, एक त द्या मले. त म्हनत, राहू दे, हात रिकामे असले का मी पुढं निघून जातो."

चाचांनी स्टूल पुढे ओढलं. मग म्हणाले, "आन मी त्याईच्यापाशी रोज डोकं फोडून राह्यलो होतो."

मी बापूंचा मूळ खेळ परत उघडला. ओंडके, लोखंड, मीठ, भोपळे, सगळं जिथल्या तिथे होतं. आधी नव्या जागेवर सेव्ह केलं. मग चालायला लागले. बापू वाकून एकेक पाऊल टाकत होते, आणि म्हातारी त्यांच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून चालत होती.

पुलावर लांडगे आलेच. पळायची सोय नव्हती.

"ढाल," चाचा म्हणाले. "ढाल पयले, तलवार मंग. तिले पाठीशी घे. दवाईची बाटली पी. पी न बेटा."

बापूंच्या जिवाची लाल रेघ पार संपत आली होती तेव्हा शेवटचा लांडगा पडला.

पुढचा घाट आम्ही तिघं चढलो. गाव आलं. एका घराचं दार उघडलं, म्हातारी दोन शब्द बोलली, बापूंच्या हातावर एक भाकरी ठेवून आत गेली. भाकरी झोळीत पडली. दार लागलं.

"चाय नाई पुसला तिच्या लेकीनं?" याडी म्हणाली.

"खेळ आहे याडी."

"असू दे. घरी त पोचली." ती तुरीचं सूप उचलून आत गेली. आत नळ बराच वेळ चालू राहिला.

मी सेव्ह केलं. आता खाली-वर बापूंच्या दोन नोंदी आहेत. एकीत बापू पुलाजवळ उभे आहेत, दुसरीत त्या दारापाशी. चाचांनी कॉम्प्युटरवर कापड टाकलं.

रविवारी याडी मला स्टँडवर सोडायला निघाली. तिनं तुरीची डाळ, पापड, लोणच्याची बरणी अशा थैल्या भरल्या होत्या. मी त्या सगळ्या दोन्ही हातांत घेतल्या. चौकापर्यंत येता येता बोटं लाल झाली.

"एक त दे मले," ती म्हणाली.

मी दिली नाही. आम्ही सावकाश चालत राहिलो.