बर्फावर टेकवलेली पातेली

"आपटू नकोस! टेकव. टेकव म्हणतोय ना!"

स्वयंपाकघराची खिडकी चार बोटं वर सरकवून मिस्टर साइक्स माझ्यावर खेकसले. मी त्यांच्या परसात, पोटरीभर बर्फात, हातात उकळत्या पाण्याचं पातेलं. पुढ्यात त्यांचं तळं.

तळं कसलं, डबलबेडएवढी लाकडी पेटी. कंबरेएवढी उंच, आतून काळं रबर. आमच्या गल्लीत सगळ्यांची परसं काँक्रीटची, खणणार कुठं? म्हणून जमिनीवरच बांधलेलं. खणलेल्या तळ्याला निदान मातीची ऊब असते. हे बिचारं चारी अंगांनी उघडं, आणि आमच्या यॉर्कशायरचं डोंगरावरचं वारं तर शेजाऱ्यासारखं, नको तिथं घुसणारं.

एरवी पाण्यात छोटा हीटर असायचा, आणि पाणी हलतं राहावं म्हणून एक चेंडू. पण कालच्या वादळात विजेच्या तारा तुटल्या, हीटर मेला, आणि सकाळी बघतो तर चेंडू बर्फात रुतून बसलेला. त्या चेंडूवर मीच मागे मिश्या काढल्या होत्या. थेट मिस्टर साइक्ससारख्या. आता त्या मिश्या आभाळाकडे बघत होत्या.

"हातोड्याचे दोन घातले की काम फत्ते," मी मुद्दाम म्हणालो.

"तुझ्या टाळक्यात घालतो दोन! वर घाव घातला की तो खाली माशांच्या काळजात बसतो. भोक वितळवायचं असतं, गाढवा. तळाचा कुजका वायू वर निघाला नाही तर गुदमरतील ते. शाळेत कधी ऐकलं नाहीस, आता तरी ऐक!"

एवढं बोलून त्यांना खोकल्याची उबळ आली. मागून त्यांच्या बायकोनं, नोरीनबाईंनी, खटकन खिडकी लावून घेतली. डॉक्टरांनी मिस्टर साइक्सना गार हवा बंद केली होती. मागच्या दाराची किल्ली बाईंच्या एप्रनच्या खिशात, आणि नवऱ्याची त्या खिशात हात घालायची हिंमत उभ्या जन्मात झाली नव्हती.

मिस्टर साइक्स आमच्या, अख्ख्या गल्लीच्या, शाळेचे शिपाई होते. शिपाई, झाडूवाले, बॉयलरवाले, सगळं तेच. पहाटे येऊन कोळसा घालायचे. मग वर्गावर्गात फिरून प्रत्येक पाइपला हाताची पालथी बाजू लावून बघायचे, ताप बघतात तशी. सगळे पाइप तापले की फाटकाची एक झडप धरून उभे राहायचे आणि म्हणायचे, "उबदार आहे. या आत." माझी भिजलेली पँट त्या पाइपांवर किती वेळा वाळली, विचारू नका. भिजायला कारणं असायची, तीही विचारू नका.

मग शाळा पाडली. लोकांनी घंटा नेली, बाकं नेली, कुणी तर मुतारीचं दार नेलं. ह्यांनी शाळेच्या हॉलमधल्या टाकीतले सोनेरी मासे नेले, पोछ्याच्या बादलीतून. त्यांतल्या सगळ्यात जुन्या, पोट सुटलेल्या मासोळीचं नाव हेडबाई.

नोरीनबाई पुढचं पातेलं घेऊन बाहेर आल्या, दार मागे लावलं आणि माझ्या कानाशी लागल्या. "रात्री डोळ्याला डोळा नाही रे त्याचा. म्हणतो, शाळा एकदा गेली तेव्हा बघत उभा राहिलो. आता पुन्हा नाही बघवणार."

मी पातेलं टेकवलं. चर्रर्र. हाताच्या पंजाएवढा खड्डा पडला आणि पातेलं गार. दुसरं येईपर्यंत खड्ड्यावर पुन्हा साय धरली. एका शेगडीवर हे व्हायचं नाही. गल्ली लागणार होती. पण असल्या थंडीत माशांसाठी कोण बाहेर पडतंय? आमची गल्ली मला पाठ आहे. इथं माणुसकीला हाक मारली तर पडदे हलतात. ईर्षेला मारली तर दारं उघडतात.

मी गल्लीतल्या ग्लेनिसच्या दारात गेलो. "काही नाही गं, जाता जाता आलो. बेव्हर्लीचं जॅमचं पातेलं बघितलंस? केवढं थोरलं! साइक्सच्या तळ्यासाठी देतेय. म्हणाली, ग्लेनिसला कशाला त्रास, तिच्याकडे बापडीकडे तेवढं नसणारच."

"बापडी? मी?"

मग बेव्हर्लीकडे जाऊन हेच, नावं उलटी करून.

शेवटी हनीफ टॅक्सीवाला. "दोघी म्हणतायत, गल्लीत भांडी आहेत ती त्यांचीच."

"भांडी?" हनीफनं मला वरून खालपर्यंत बघितलं. "थांब जरा." आणि शेडमधून त्यानं देग काढली, पोरीच्या लग्नात अख्ख्या मशिदीचा पुलाव शिजला होता ती. सोबत सिलिंडरची थोरली शेगडी.

बघता बघता परस भरलं. नऊ नंबरचे जुळे भाऊ जुनं कार्पेट घेऊन आले, कुणी गोधड्या आणल्या, पेटीला चारी बाजूंनी गुंडाळल्या. देगीत पाणी खळखळतंय, हनीफ डावानं पातेली भरतोय, आणि एक गार झालं की दुसरं टेकतंय.

"माझं जास्त वेळ गरम राहतं," ग्लेनिस.

"तुझ्या तोंडासारखं," बेव्हर्ली.

"पोरींनो, हात चालवा," हनीफ.

आणि मग बर्फानं उसासा टाकल्यासारखा आवाज झाला, नि ताटाएवढं गोल भोक मोकळं झालं. मिश्यांचा चेंडू सुटून पाण्यावर डुलायला लागला. मी वाकलो. आधी नुसती वाफ. वाफ विरली तसं काळं पाणी. आणि त्या काळ्याच्या पार तळाशी, राखेखाली निखारे असावेत तसे ते. सगळे. एका दिशेला तोंड करून, एकमेकांना खेटून, न हलता. एवढ्या गारठ्यात, एवढ्या अंधारात कुणी फुंकरसुद्धा न घालता पेटते राहिलेले. हेडबाईंनी एक पर अगदी सावकाश उघडला आणि मिटला.

मी बोटानं मिश्यांचा चेंडू जरा बाजूला सारला.

मागं किल्ली फिरल्याचा आवाज आला. नोरीनबाईंनी आपण होऊन दार उघडलं होतं. मिस्टर साइक्स बाहेर आले, गळ्याला मफलर, अंगात शाळेत कामावर घालायचे तो तपकिरी डगला. कुणाकडे बघितलं नाही त्यांनी. तळ्यापाशी आले, भोकात बराच वेळ बघत राहिले. मग गोधडीचं एक टोक उचललं, आतल्या लाकडाला हाताची पालथी बाजू लावली आणि थांबले.

"उबदार आहे," ते म्हणाले. "या आत."

आत यायला तिथं काही नव्हतं. उघडं परस, वर आभाळ. पण आम्ही पन्नाशीची, पिकल्या केसांची, सुटल्या पोटांची पोरं हातातली पातेली खाली ठेवून सरकलो आणि कुणी न सांगता एकामागे एक उभे राहिलो. बेव्हर्लीमागे ग्लेनिस, तिच्यामागे हातात डाव धरून हनीफ. मी मध्ये घुसायला गेलो तर ग्लेनिसनं कोपरानं ढोसलं. "रसल, शेवटी हो. रांग आहे."

मी शेवटी झालो.

एकेक जण पुढे जात होता, वाकून बघत होता आणि बाजूला होत होता. मिस्टर साइक्स गोधडीचं टोक झडपेसारखं धरून उभे होते, शेवटचं पोर येईपर्यंत.