काहून अन् कायले

जर्मन शिकायला लागल्यापासून मला मराठी तरी येतं का, अशी शंका यायला लागली आहे. डोक्याचा पार भुगा झालाय.

मी मोनाली, आर्णीतल्या एका दवाखान्यात नर्स आहे. सोमवारी मुलाखत आहे. पास झाले तर जर्मनीतल्या इस्पितळात नोकरी, नाहीतर आहे तेच. पहिला प्रश्न ठरलेला असतो: जर्मन का शिकलात? माझं उत्तर घोकून तयार होतं. तिकडे नर्स म्हणून काम करायला!

काल मोबाइलवरच्या क्लासमध्ये पुण्याच्या सुरभी मॅडमनी ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

“अगं, मी ‘वारूम’ विचारलं. तू ‘वोत्सू’चं उत्तर दिलंस. वारूम म्हणजे का, वोत्सू म्हणजे कशाला. आपण मराठीत दोन्ही एकच समजतो ना, म्हणून हा घोळ होतो.”

समजत असाल तुम्ही पुण्यात! आमच्याकडे ‘काहून’ म्हणजे का, ‘कायले’ म्हणजे कशाला; दोन्ही वेगळं. ‘कायले’ पुढचं विचारतं, यातून मिळणार काय. ‘काहून’ मागचं विचारतं, असं झालं तरी काय. हे मॅडमना ठणकावून सांगणार होते, तेवढ्यात लक्षात आलं की माझ्याकडे ‘कायले’ची ढीगभर उत्तरं आहेत आणि ‘काहून’चं एकही नाही. आवडतं म्हणून? पण का आवडतं? इथे मला कुणी छळत नाही, दवाखान्यात मान आहे. तरी त्या भाषेत नुसतं ‘मी’ म्हटलं की आत काहीतरी हलतं. आता हे मुलाखतीत कोणत्या तोंडाने सांगू?

संध्याकाळी आई अंबाडीची भाजी निवडत बसली होती. म्हटलं, तिच्यासमोरच सराव करू.

“आई, मले विचार, जर्मन काहून शिकली?”

“कायले?”

“कायले नाई वं, काहून!”

“अवं, पण म्या कायले विचारू?”

हसावं की चिडावं तेच कळेना. “विचार ना वं माय.”

तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि ते सरावाचं पाहणं नव्हतं.

“काहून चालली वं? मायं काई चुकलं काय?”

मी घाबरलेच. इतके महिने ती येताजाता ‘कायले शिकून राह्यली’ एवढंच विचारायची, आणि मी नोकरी, पगार, विमान सांगून तिला गप्प करायचे. हा दुसरा प्रश्न विचारायला ती भीत होती, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

“नाई वं माय. तुयं काईच नाई चुकलं.”

“मंग काहून?”

मला रडूच कोसळलं. आईने भाजीची टोपली बाजूला सारली आणि उत्तराची वाट पाहत बसली.