कोणीच धक्का दिला नव्हता

एगॉन ब्येरेगॉर हँडबॉलच्या हॉलमध्ये गुडघे टेकून बसला होता आणि तळहातानं जमीन चाचपत होता. आधी उजव्या हातानं, मग डाव्या. सोमवारची सकाळ. हॉल रिकामा होता.

"काही हरवलं का?" दारातून बोडिलनं विचारलं. खेळाडूंचे खांदे-गुडघे सांभाळणारी संघाची फिजिओथेरपिस्ट ती.

"इथंच ना?"

"जरा पुढं. त्या रेषेपाशी."

एगॉन रांगत पुढं सरकला. तिथली जमीनही हाताला तशीच लागली.

आदल्या दुपारी तिथं टिल्ड पडली होती. बावीस वर्षांची टिल्ड राउनकेअर म्हणजे संघाचा हुकमाचा एक्का. चेंडू घेऊन ती धावत आली, हुलकावणी द्यायला तिनं डावा पाय रोवला, अंग वळलं. पाय वळलाच नाही. समोरची खेळाडू चांगली हातभर लांब होती. कोणीच धक्का दिला नव्हता. फडकं घेऊन कडेला उभ्या असलेल्या एगॉनला ओली काठी मोडावी तसा आवाज ऐकू आला, आणि मग टिल्डची किंकाळी.

डेन्मार्कच्या जटलंडमधल्या या गावाचा हॉल तो सत्तावीस वर्षं सांभाळत होता. हँडबॉल जन्मात खेळला नव्हता. त्याचं वैर होतं ते राळेशी. चेंडू हाताला चिकटावा म्हणून पोरी बोटांना राळ फासत. मग ती जमिनीवर, दारांच्या मुठींवर, दिव्यांच्या बटणांवर, कुठंही सापडे. सामना टीव्हीवर दिसणार म्हणून शनिवारी त्यानं राळ काढायचं औषध दुप्पट टाकून जमीन दोनदा घासली होती. आता दोष नेमका कशाला द्यावा हेच त्याला उमगत नव्हतं. कुठं राळ राहिली म्हणून बूट चिकटला, की फार घासल्यानं जमीनच बूट धरून ठेवायला लागली?

"बोडिल, खरं सांग. माझ्या जमिनीनं केलं का हे?"

बोडिल त्याच्याशेजारी खाली बसली. "हाच गुडघा सतराव्या वर्षी गेला होता तिचा. एकदा गेलेला पुन्हा जायची भीती जास्त. त्यात बायकांचे गुडघे पुरुषांपेक्षा जास्त जातात. आठ दिवसांत तिसरा सामना. बूट नवे. जमीनही त्यात आलीच."

"आलीच म्हणजे किती?"

"असं मोजता येत नाही रे."

"नळ गळायला लागला की वायसर गेलेला असतो, नाहीतर पाइप. इथं पाच कारणं आणि गुन्हेगार एकही नाही, हे कसं?"

"शंभर मुलींचं सांगता येतं," बोडिल म्हणाली. "एकीचं नाही."

मंगळवारी एगॉननं जमीन नुसत्या पाण्यानं पुसली. बुधवारी दुप्पट औषधानं. गुरुवारी जमीन घासायचं यंत्र बाहेर काढलं, तिच्याकडे बघत उभा राहिला आणि तसंच परत ठेवलं.

रविवारी तो दालचिनीचे रोल घेऊन टिल्डच्या घरी गेला. कुबड्या सावरत तिनं दार उघडलं. त्यानं कोटही काढला नाही.

"ती जमीन मी दोनदा घासली होती. दुप्पट औषध घालून. तुझा पाय त्यानंच अडकला असेल."

ती चिडेल अशी त्याची तयारी होती. पण तिचा चेहरा एकदम उजळला.

"खरंच? म्हणजे गुडघा धड होता? जमिनीचीच चूक?"

एगॉन पुरता गोंधळला. एका 'हो'वर काम भागणार होतं. तो शब्द तोंडापर्यंत आलाही.

"मला माहीत नाही गं," तो म्हणाला.

टिल्ड खुर्चीत बसली. रोलचा तुकडा मोडून हातातच चिवडत राहिली.

"मला माहीत आहे. पाच आठवडे तो निसटल्यासारखा होत होता. जिना उतरताना."

"बोडिलला बोलली नाहीस?"

"तिनं बाकावर बसवलं असतं. राष्ट्रीय संघाची निवड तोंडावर आलेली. दर रविवारी फोनवर प्रश्न येतात, विद्यापीठाचे लोक दुखापतींचा अभ्यास करताहेत ना, त्यांचे. गुडघा किती दुखतो? मी आपलं शून्य दाबायचे."

"मग माझी जमीन..."

"तुझ्या जमिनीला फुकटचा मान देऊ नकोस." ती हसली, पण लगेच तिचा आवाज चिरकला. "किंवा दे. मला खरंच कळत नाही, एगॉन. बोलले असते तर वाचले असते? की दुसऱ्या कुठल्या हॉलमध्ये पडले असते?"

त्यानं कोट काढला आणि तो बसला.

टेबलावर फोन थरथरला. टिल्डनं मान वळवून पाहिलं.

"तेच. त्यांना कोणी कळवलं नाही वाटतं." तिची बोटं लोण्यानं माखली होती. "वाच तू."

एगॉननं चष्मा लावला. "गेल्या आठवड्यात गुडघ्याचा किती त्रास झाला? शून्य ते दहा."

टिल्डनं आपल्या गुडघ्याकडे पाहिलं.

"दहा."

जाड अंगठ्यानं त्यानं जपून आकडा दाबला. पुढचा प्रश्न आला. "खांद्याचा?"

टिल्डनं रोल खाली ठेवला. उजवा हात वर उचलला, कोपर मागं नेलं, खांदा सावकाश, पूर्ण फिरवला. थांबून, कान दिल्यासारखं करून, पुन्हा एकदा फिरवला.

"शून्य," ती म्हणाली. "हे खरं आहे. लिही."